हसऱ्या महाराजांचं नाक

“महाराज, तुम्ही गाढव आहात का?”

हा प्रश्न माझा नव्हता. तो रेडिओने शोधला होता, मुंगीने मला विचारायला लावला होता आणि “तुझी हिंमतच नाही” असं दोघींनी मिळून म्हटलं होतं. रेडिओ आणि मुंगी या माझ्या वर्गमैत्रिणी. पहिली तोंड धुतानाही बोलते आणि दुसरीला कुठल्या दप्तरात खाऊ आहे ते लांबून कळतं. हिंमत नाही असं कुणी म्हटलं की माझं डोकं चालायचं थांबतं आणि पाय चालायला लागतात. तशी मी बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या आवारात, अख्ख्या गावासमोर, हात पुढे करून उभी होते.

प्रश्न तसा चुकीचाही नव्हता. महाराज गाढवच होते. राखाडी रंग, पाठीवर काळा पट्टा, हातभर कान, पायांत चार खूर. शंकेला जागा नव्हती.

पण गर्दीला ती आठवण नको होती. रविवारी सकाळपासून रांग लागायची. आपला प्रश्न घेऊन पुढे जायचं, महाराजांच्या तोंडासमोर दोन्ही हात धरायचे आणि विचारायचं. उत्तर ‘हो’ असेल तर महाराज मान उंच करत, वरचा ओठ मुडपून थेट नाकाला लावत आणि सगळे पिवळे दात दाखवून हसत. खरोखर हसत, मी पाहिलंय. उत्तर ‘नाही’ असेल तर नुसते उभे राहत. शेजारी पांढऱ्या झब्ब्यातले सेवकजी असत. त्यांना कायमची सर्दी होती. हातातल्या रुमालाने नाक पुसत ते म्हणायचे, “मी कोण? मी कुणीच नाही. सगळं महाराज बोलतात, मी फक्त ऐकतो.” एकदा महाराज नुसते रेकले, तर त्याचं भाषांतर करायला सेवकजींना पाव तास लागला होता आणि त्यात विश्वाची उत्पत्तीसुद्धा आली होती.

तर मी प्रश्न विचारला. सेवकजींनी रुमाल खिशात कोंबला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की माझी तिथल्या तिथे राख व्हायला हवी होती.

आणि महाराज हसले. मान वर, ओठ वर, सगळे दात बाहेर. होय, मी गाढव आहे.

मी गार पडले. सेवकजी माझ्याहून जास्त गार पडले. भर सभेत नोकर साहेबांच्या आधी बोलला तर साहेब जसे बघतील, तसे ते महाराजांकडे बघत होते. तेवढ्यात निवृत्त पोस्टमास्तरकाकांनी डोळे पुसले. “काय ही विनम्रता,” ते म्हणाले, “एवढा अधिकार असून स्वतःला गाढव म्हणवून घेतात.” मग बऱ्याच जणांनी डोळे पुसले.

माझ्या बाबांनी मात्र माझा कान धरला. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. गावातल्या कुठल्याही दुकानावरचं नाव वाचा, ते त्यांच्या हातचं. माणूस अतिशय चांगला, पण त्या दिवसांत ते मला रोज गाढव म्हणायचे आणि गाढवाला ‘आपण’ म्हणायचे. शिक्षा म्हणून रोज संध्याकाळी आवार झाडायची सेवा माझ्या गळ्यात पडली.

बाबा महाराजांचे सगळ्यात लाडके भक्त होते आणि हे सेवकजीच सांगायचे. इतरांना कधी हो, कधी नाही. बाबांना मात्र नेहमी हो. घर पिवळं रंगवू का? हो. सायकल विकू का? हो. कपाट गॅलरीत ठेवू का? हो. त्यामुळे आमचं घर लिंबासारखं दिसत होतं, बाबा पायी फिरत होते आणि आई साडी बदलायची म्हटलं की आधी समोरच्यांच्या खिडक्या बघायची.

त्याच आठवड्यात जेवताना बाबांनी जाहीर केलं, की येत्या रविवारी माझ्याबद्दल विचारणार. शाळा संपली की मी पुढे शिकायला जायचं की त्यांच्याबरोबर दुकानात बसायचं. माझं अक्षर त्यांच्याइतकंच वळणदार आहे. दुकानाच्या पाटीवर त्यांच्या नावापुढे ‘आणि कन्या’ असं लिहायचं त्यांनी मनात धरलं होतं. जागाही सोडून ठेवली होती. ते इतक्या मायेने सांगत होते की मला धड भांडताही येईना. मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या मते तो विषय महाराजांपुढे ठेवल्यावर आपोआप मिटणार होता.

“विचारायला जायची तसदी कशाला घेता?” आई ताटात भाजी वाढत म्हणाली. “ते तुम्हाला कधी नाही म्हणालेत का?”

ती टोमणा मारत होती. पण माझा घास हातातच राहिला. बाबांना एकदाही ‘नाही’ मिळालं नव्हतं. आणि मलाही ‘हो’ मिळालं होतं, तेसुद्धा सेवकजींची इच्छा नसताना. बाबांत आणि माझ्यात असं काय होतं जे बाकीच्यांत नव्हतं?

सेवा चालू होतीच. मी झाडू मारता मारता बघायला लागले. शाळेतून सरळ गेले आणि हात पुढे केले, तर महाराज माझ्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. दुकानात बाबांचे ब्रश धुऊन मग गेले, तर लगेच हसायचे; त्या रविवारीही मी ब्रश धुऊनच आले होते. रेडिओ आली आणि तिने संत्रं सोललं, तेव्हाही हसले. तिला वाटलं तिच्या विनोदाला हसले. ती अजून तसंच समजते. मग मला सेवकजींची सर्दी आठवली. त्यांना ती सर्दी फक्त उत्तर ‘हो’ असलं की व्हायची. कंत्राटदाराने काही विचारलं की सेवकजी महाराजांच्या नाकाशी रुमाल झटकून जोरात शिंकरायचे. गरीब कुणी विचारलं की नाक ठणठणीत. आवाराच्या कोनाड्यात नीलगिरी तेलाची बाटली होती आणि ती दर सोमवारी अर्धी झालेली असायची.

आमच्या विज्ञानाच्या बाईंना मी विचारलं, गाढव हसतं का? बाई आधी म्हणाल्या, तुमच्या उत्तरपत्रिका वाचून मीच हसते, गाढवाचं काय. मग त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. गाढवाच्या टाळूच्या वर वास ओळखणारं आणखी एक इंद्रिय असतं. एखादा उग्र किंवा अनोळखी वास आला की ते मान उंचावतं, ओठ मुडपून नाकपुड्या झाकतं आणि तो वास आत त्या इंद्रियापर्यंत पोचवतं. आपल्याला वाटतं हसलं. ते बिचारं अभ्यास करत असतं.

सेवकजी बाहेर गेलेले पाहून मी, रेडिओ आणि मुंगी कापसाचे बोळे घेऊन गेलो. साध्या पाण्याचा बोळा धरला, काही नाही. नीलगिरीचा धरला, हसले. बाबांचे ब्रश ज्यात धुतात त्या टर्पेंटाईनचा धरला, तर इतके हसले की मुंगी घाबरून बादलीत बसली. मग अदलाबदल करून पुन्हा पाहिलं, कोणता बोळा कुठला ते मलाही माहीत नसताना पाहिलं. नाक चुकलं नाही.

मी धावत घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. बाबा ऐकून घेत होते, पण चेहरा मिटत गेला. “म्हणजे माझ्यावर कृपा नाही,” ते म्हणाले, “माझ्या हातांना वास येतो, एवढंच?” ते उठले आणि म्हणाले, रविवारी विचारणार म्हणजे विचारणार.

रविवारी आवार फुललं होतं. बाबांचा नंबर आला. त्यांनी सकाळीच एक पाटी पुरी केली होती, नखांत निळा रंग होता. हात पुढे करून त्यांनी विचारलं, “महाराज, शाळा संपल्यावर मुलीने दुकानात बसावं का?”

महाराज हसले. गर्दीने सुस्कारा सोडला. सेवकजींनी माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत स्मित केलं. मी पुढे गेले.

“बाबा, आता विचारा, मुलीने पुढे शिकावं का.”

सेवकजी म्हणाले, एका माणसाला एकच प्रश्न. पण मागून आईचा आवाज आला, की आजवर आमच्या घराने कपाटापासून सायकलीपर्यंत सगळं विचारलंय, आज एवढी काटकसर कशाला? लोक हसले. बाबांनी विचारलं. महाराज हसले.

“दोन्ही करावं, असा आदेश आहे,” पोस्टमास्तरकाका घाईने म्हणाले.

“मग विचारा, दोन्ही करू नये का.”

बाबांचा आवाज बारीक झाला होता. तरी विचारलं. महाराज हसले. आता मी थांबणार नव्हते. बाबांना म्हटलं, विचारा, सेवकजी लबाड आहेत का. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग सेवकजींकडे पाहिलं आणि विचारलं. महाराज आजवर हसले नव्हते इतके हसले.

सेवकजी ओरडायला लागले, की मुलीने महाराजांना भ्रष्ट केलंय. मी मुंगीने आणलेली बादली आणि साबण बाबांपुढे ठेवला. बाबांनी बाह्या वर सरकवल्या. मग खाली बसले आणि कोपरापर्यंत हात धुतले, नखांतला रंगसुद्धा काढला, पाणी तीनदा बदललं. उठून त्यांनी हात पुढे केले.

“महाराज,” ते म्हणाले, “आपण माझ्यावर प्रसन्न आहात का?”

महाराजांनी हात हुंगले. एक कान हलवला. आणि जमिनीवर पडलेलं बिस्किट खाल्लं.

बाबा तसेच उभे होते. मला त्यांचा हात धरावासा वाटला, म्हणून मी धरला. मग गर्दीकडे वळून सगळं सांगितलं, नाक, ओठ, टाळू, टर्पेंटाईन. सेवकजींच्या खिशातून डोकावणारा रुमाल रेडिओने केव्हाच ओढून घेतला होता. ती तो हवेत नाचवत म्हणाली, “नीलगिरी. ज्याला पाहिजे त्याने वास घ्या.” पोस्टमास्तरकाकांनी वास घेतला आणि त्यांना खरीखुरी शिंक आली. त्यांनी स्वतः रुमाल महाराजांपुढे धरला. हसले. लपवला. थांबले.

त्यानंतर जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. सलूनवाले काका दाढीनंतरचं लोशन लावून आले, बेकरीवाल्या मावशी व्हॅनिलाची बाटली घेऊन आल्या. ज्याला त्याला आपल्या धंद्याच्या वासावर गाढव हसतं का ते बघायचं होतं. शेवटी महाराजांना कंटाळा आला आणि ते पाठ फिरवून उभे राहिले. या धांदलीत सेवकजी भिंतीवरून पसार झाले. एक चप्पल आत राहिली, ती पोस्टमास्तरकाकांनी रागाने भिंतीपलीकडे फेकली. म्हणजे त्यांनी सेवकजींना ती परतच केली, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

गाढव तिथेच राहिलं. इतके दिवस त्याच्यासमोर हात धरणाऱ्या एकानेही त्याच्या पायांकडे पाहिलं नव्हतं. खूर वाढून पुढे चपलेसारखे वळले होते आणि दोरीने मानेला जखम झाली होती. जनावरांच्या डॉक्टरीण बाई आल्या आणि त्यांनी खूर कापले. मी पाय धरले होते. आता ते एका मेंढपाळाकडे आहे. भटकी कुत्री कळपाजवळ आली की ते कान मागे टाकून त्यांच्या अंगावर धावून जातं आणि मेंढ्या त्याच्या आजूबाजूला खुशाल चरतात.

मला राग याचा येतो, की त्याला महाराज करताना आपण गाढवालाच विसरलो. गाढव वाळवंटात खुराने जमीन उकरून पाणी काढतं आणि मग इतर जनावरं त्या खड्ड्यावर पाणी पितात. एकदा चाललेली वाट ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं. पाय ठेवायची जागा धड नसली की ते जागचं हलत नाही आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. खरं तर ते आधी जमीन तपासतं. आपल्या अख्ख्या रांगेत तपासणारं तेवढं एकच होतं. त्याला चमत्कार कशाला चिकटवायचा? जे आहे तेच नीट बघा. आणि कुणी म्हणालं की अमुक घडलं की तमुक होतं, तर अमुक काढून टाकल्यावरही तमुक होतं का ते एकदा करून बघा. साबण आणि बादली पुरते.

त्या दिवशी घरी बाबांनी एकट्याने कपाट गॅलरीतून आत आणलं. जेवायला बसल्यावर म्हणाले, आता तुझं कुणाला विचारायचं ते मला कळत नाही. आईने माझ्याकडे पाहिलं.

“बाबा, आई,” मी म्हटलं, “मी पुढे शिकणार आहे, जनावरांची डॉक्टर होण्यासाठी. सुट्ट्यांमध्ये पाट्या रंगवायला येईन, कारण मला ते आवडतं. हे मी ठरवलंय आणि का ठरवलंय ते आता एकेक करून सांगणार आहे. एखादं कारण कच्चं वाटलं तर मधेच अडवा, मी उत्तर देईन. फक्त जेवण गार होऊ देऊ नका, बरंच आहे.”