गरम पेजेवरची फुंकर

“भाऊजी, हवा आत ओढाची घाई काऊन करून राहिले? आधी आतली सोडा. गरम पेजेवर फुकता, तशी.”

शेजारच्या खाटेवरून जमुनावहिनी मला श्वास घ्यायला शिकवत होती. मला! कबड्डीच्या पोरांना दम टिकवायला शिकवणारा मास्तर मी, आणि ती आमच्या घरची जुनी दमेकरी.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दीर-भावजय गोंदियाला एकाच दिवशी भरती झालो. माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोटाच्या यंत्रावर चौऱ्याऐंशी. तिच्या बोटावर पंच्याण्णव.

घरातून पहिलं कोण जाणार, हे आम्ही सगळ्यांनी मनात ठरवूनच टाकलं होतं. म्हणून वर्षभर वहिनीला मागच्या खोलीत ठेवलं. ताट उंबऱ्यावर, पाहुणा अंगणाबाहेर. पहारेकरी मी. आणि सडक अर्जुनीला एका लग्नात जेवून हा आजार घरी आणला, तोही मीच. कुंपणानेच शेत खाल्लं. आई गेल्यावर सातव्या वर्षापासून जिने मला वाढवलं, तिला मी मारलं, एवढंच त्या खाटेवर मला सुचत होतं.

“वहिनी, तुले काही झालं त...”

“बोलू नोका. फुका.”

मांडीवर घोंगडीची गुंडाळी, त्यावर कोपरं टेकून ती पुढे वाकून बसली होती. चाळीस वर्षं तिला अशी बसलेली पाहून मी “काय वहिनी, इंजिन गरम झालं काय?” म्हणत हसलो होतो. त्या दुपारी मीही तसाच बसलो, फुंकत राहिलो आणि थक्क झालो. ज्या दारात मी पहिल्यांदाच उभा होतो आणि भीतीने अर्धा झालो होतो, तिथे ही बाई कितीदा जाऊन परत आली होती. आणि सकाळी उठून अंगणात सडा टाकत होती!

डॉक्टर तपासायला आले तेव्हा मी तिच्याकडे बोट केलं. “तिले दमा हाये, साहेब. तिले पाहा आधी.”

“दमा आहे म्हणून प्रत्येकाचाच कोरोना बिघडतो असं नाही, गुरुजी,” ते म्हणाले. “यांचा दमा ताब्यात आहे. पंप एक दिवस चुकवला नाही यांनी.”

त्या पंपाला मी ‘वहिनीची चिलीम’ म्हणायचो. मान वर करायची लाज वाटली.

आठव्या दिवशी तिला सुट्टी झाली. दारातून ती वळली, मास्क खाली ओढला आणि ओठांचा चंबू करून मला फुंकून दाखवलं. नर्स तिच्यावर ओरडली. मी आणखी बावीस दिवस त्या फुंकरीवर काढले.

आता कबड्डी सुटली. छातीने पूर्वीसारखी साथ दिलीच नाही. परवा आम्ही दोघं चोरखमाऱ्याच्या तलावाची पाळ चढून धानाकडे निघालो होतो. वहिनी पुढे, मी मागे. अर्ध्यावर तिने डोक्यावरची टोपली खाली ठेवली.

“थांबा भाऊजी. दम लागला मले.”

मी थांबलो. तिच्या छातीतली शिटी मी लहानपणापासून ओळखतो. पलीकडच्या खोलीतून ऐकून सांगायचो, आज वहिनीला झोप नाही. तिथे, तिच्यापासून दोन हातांवर उभा असताना, मला माझीच धाप ऐकू येत होती. तिची छाती अगदी शांत होती.

माझा श्वास जागेवर येईपर्यंत ती पाण्याकडे पाहत राहिली. मग तिने टोपली उचलली.

“चला,” म्हणाली, “आता बरं वाटून राहिलं मले.”