एका बाकाचं गाऱ्हाणं

"...गुराढोरांना, पोराटोरांना सुखी ठेव रे महाराजा!"

"होय महाराजा!" देवळात जमलेला गाव एकमुखाने म्हणाला.

दत्तात्रेयच्या गाऱ्हाण्याला भाट्याच्या खाडीतले मासेसुद्धा होकार देतात, अशी त्याची ख्याती. माणसं तर सवयीनेच 'होय' म्हणत. देवाकडे काय मागितलं, ते घरी गेल्यावर बायका सांगत. हे हेरूनच म्हाताऱ्याने त्याच सुरात पुढचं रेटलं, "आणि सरपंचकीला उभे राहिलेले माझा लेक मुकुल नि पुतण्या विनीत रविवारी शाळेच्या पटांगणात, बिगरझेंड्याचे, एका बाकावर बसून गावाला उत्तरं देतील रे महाराजा!"

"होय महाराजा!"

त्यात मुकुल होता, विनीतही होता. शब्द सुटल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. किती दिवसांनी!

एका ताटात जेवलेली ही पोरं. ग्रामपंचायतीला कागदावर पक्ष नसतो, पण दोन पक्षांनी दोघांना वाटून घेतलं आणि घराच्या पडवीत मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. दोन्हीकडे झेंडे इतके, की वाळत घातलेलं लुगडं कुठलं, हे कावळ्यालाही कळेना. माणूस काय करणार ते ऐकून मत द्यावं, अशी एक तरी निवडणूक बघायची दत्तात्रेयला आस होती. म्हणजे मग कुडाचंही कारण उरलं नसतं.

रविवारी त्याने बाक सावलीत ठेवला, मग मैदानाच्या मधोमध, मग परत सावलीत. चहा तसाच गार झाला.

"अहो, त्या बाकाला पाय फुटतील आता," त्याची बायको हेमा म्हणाली. "टेका जरा."

गाव जमला. उमेदवारही आले, पण फाटकापर्यंतच. एक या टोकाला, एक त्या टोकाला, दोघांच्या कानाला फोन. दत्तात्रेय धापा टाकत मुकुलपाशी गेला.

"वरून परवानगी नाय, आबा. त्याच्याबरोबर बसलो तर भलताच अर्थ काढतील."

विनीतकडे गेला, तर त्याचंही उत्तर शब्दाला शब्द तेच.

"देवळात होय म्हणालास ना रे?"

"सगळे म्हणाले म्हणून म्हटलं."

"मतही तसंच देतोस काय?"

विनीतने फोन पुन्हा कानाला लावला. म्हातारा परतला. लोक चुळबुळू लागले, कुणी चपला शोधू लागलं. तेवढ्यात मोहल्ल्यातली फरीदा उठली. ती काही देवळात नव्हती. सभा आहे एवढंच तिच्या कानावर आलेलं. डोक्यावरचा पदर सारखा करून ती रिकाम्या बाकासमोर उभी राहिली.

"आमच्या विहिरीला खारं पाणी लागलंय. तुम्ही निवडून आलात तर काय करणार?"

उत्तराला लागेल तेवढा वेळ ती थांबली. मग बसली. मागून रावजी उठला, त्याने पऱ्ह्यावरच्या साकवाचं, त्या लाकडी पुलाचं विचारलं, तोही थांबला. कुणी हसलं नाही. फाटकावरचे दोन्ही फोन हळूहळू कानावरून खाली आले.

दत्तात्रेय लोकांत जाऊन बसला आणि हात वर करून आपल्या पाळीची वाट पाहू लागला.