भोक पडलेली गुंज

मित्रांनो, क्षणभर असे समजा, की तुम्ही एका नखावर बसाल एवढे लहान आहात. अंग लाल, डोक्यावर काळी टोपी. हातपाय नाहीत, तोंड नाही. कितीही भीती वाटली तरी ओरडता येत नाही. आता माझी गोष्ट ऐका.

मी एक जुनी गुंज आहे. मुळशीच्या धरणावरच्या डोंगरात, करवंदीच्या जाळीवर चढलेल्या वेलीवर मी वाढले. सोनार पूर्वी आम्हाला तराजूत ठेवून सोने तोलत, याचा मला अभिमान होता. माझ्या पोटात विष आहे हेही मला ठाऊक होते. पण साल टणक होती. विष आत कोंडलेले होते.

१९७८च्या जानेवारीत नऊ वर्षांच्या पारूने आम्हाला वेचले. झेंडावंदनाला गळ्यात लाल माळ घालायची तिला फार हौस. तिने आम्हाला भिजत घातले, दाभणाने एकेकीला भोक पाडले आणि दोऱ्यात ओवले. चाळीस गुंजांची माळ झाली. भोकातून वारा आत शिरला, तेव्हा मला पहिल्यांदाच माझी स्वतःची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पौडहून बांगड्या विकणारी रहिमतबी आली. पारूच्या आईला, कमळला, बांगड्या भरताना तिची नजर माळेवर गेली.

"भोकं कुणी पाडली गं ही?"

"मीच. लई झ्याक दिसत्यात न्हवं?"

"दिसत्यात की. तुझ्या रांगत्या भावाला बी झ्याकच दिसतील. भोकाच्या गुंजंत इख मोकळं हुतं, पोरी."

"आत्ताच्या आत्ता पुरून टाक," कमळ म्हणाली.

पारूने मान हलवली, पण माळ गोधडीखाली लपवली.

दुपारी कमळ शेतावर गेली. पारू चुलीपाशी होती. तिचा भाऊ सावळ्या रांगत आला, त्याने गोधडी ओढली, माळ ओढली. दोरा तुटला.

मग माझ्याभोवती अंधार झाला. ओल. दोन नवे दात माझ्या सालीवर घासू लागले. लाळ भोकाकडे येत होती. 'चावू नकोस रे बाळा,' मी मनात म्हणत होते. बाहेरून पारूचा आवाज येत होता.

"अडतीस... एकुणचाळीस."

तिने पुन्हा मोजले. पुन्हा एकुणचाळीस.

"सावळ्या, आ कर. आ कर की रं."

त्याने ओठ घट्ट मिटले. पारूने बोट आत घातले. तो कडकडून चावला. तिने बोट काढले नाही. गालातून उकरून मला बाहेर आणले. माझ्या सालीवर दाताची खूण होती. ती फक्त पारूने पाहिली.

मला फेकून ती गप्प बसू शकली असती. पण तिने मला मुठीत धरले, सावळ्याला कडेवर घेतले आणि शेताकडे धावली.

"आई, मार मला. पर आधी ह्याला दवाखान्यात ने."

कमळने मारले नाही. ती सावळ्याला घेऊन पौडला गेली. डॉक्टरांनी त्याला दोन दिवस ठेवून घेतले. ते दोन दिवस पारू मला औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून उंबऱ्यावर बसून होती. शेजारणीने जेवायला बोलावले तरी उठत नव्हती. तिसऱ्या दिवशी सावळ्या आईच्या खांद्यावर हसत आला.

बाकीच्या गुंजा पुरल्या. मी बूच लावलेल्या बाटलीत, उंच फळीवर आहे. मित्रांनो, माळ जरूर करा. पण काय ओवता आहात, ते आधी मोठ्यांना दाखवा, आणि घरातल्या लहानग्याला विसरू नका.

पारू विसरली नाही. तिने चिकणमातीचे मणी वळले, एकेक लिंबाएवढा. वाळवून सुतळीत ओवले आणि झेंडावंदनाला तीच माळ घातली. वाटेत रहिमतबी भेटली.

"माळ हाय का गं ही, का गुराच्या गळ्यातलं लोढणं?"

आईच्या कडेवरच्या सावळ्याच्या तोंडाला पारूने एक मणी लावून पाहिला.

"न्हाई जात," ती म्हणाली, आणि शाळेकडे चालू लागली.