सखारामचा गणपती आणि सहाशेचाळीस केबी

"हा 'गणपती' कोण?" राहीने स्क्रीनवरच्या मेमरीच्या यादीतल्या एका नावावर बोट ठेवून विचारलं.

कारखान्यात जाळ्याच्या गाठी तपासणाऱ्या गंगुबाईने हातातलं काम खाली ठेवलं. मालक निलेश सखारामकडे बघू लागला, आणि सखाराम छताच्या पंख्याकडे.

मासेमारीची जाळी विणणारं मिरजोळ्यातलं हे मशीन सत्तावीस वर्षांपूर्वीचं. ते चालवणारा कॉम्प्युटर तेवढाच जुना, त्यावरची डॉस ही ऑपरेटिंग सिस्टीमही तेवढीच, आणि या सगळ्यांना सांभाळणारा ऑपरेटर सखारामही तेव्हापासूनचाच. मिरगातल्या विजेने मशीनचं कंट्रोल कार्ड जळलं. दुसरं महामुश्किलीने सुरतेहून आणलं, पण ते बसवल्यापासून विणकामाचा प्रोग्राम उघडेना. मेमरी पुरत नाही, एवढंच एक पालुपद. निलेशने वैतागून उद्याचा भंगारवाला ठरवला होता. आयटीआयमध्ये कॉम्प्युटर शिकवणारी राही हा शेवटचा उपाय. मशीन गेलं की सखाराम आणि गंगुबाई दोघंही घरी, हे कोणी बोललं नव्हतं. बोलायची गरजही नव्हती.

"मेमरी कमी पडते तर वाढवू ना, मॅडम," निलेश म्हणाला.

"डब्यात सोळा एमबी आहे, रग्गड. पण डॉसचा प्रोग्राम पहिल्या सहाशेचाळीस केबीतच बसणार. घर एवढं मोठं, पण पाहुणे सगळे ओटीवरच, तसं. नवं कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे ड्रायव्हरला, जास्त जागा लागते. आणि हा गणपती अठ्ठेचाळीस केबी अडवून बसलाय. हा काढला की मशीन चालेल."

"गणपती काढतंस?" गंगुबाई उभीच राहिली. "खूळ लागला काय गो!"

गणपती सखारामने केला होता. मशीन आलं त्या वर्षी निलेशच्या वडिलांनी, थोरल्या शेठनी, त्याला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं होतं. दहावी पास माणसाने तिथे शिकून, जेवणाच्या सुट्टीत एकेक टिंब जोडत तो काढला. कॉम्प्युटर सुरू झाला की आधी गणपती दिसायचा, आणि मशीन पाच मिनिटं थांबलं की आपोआप परत यायचा. थोरले शेठ रोज सकाळी चपला काढून त्याला हात जोडत. मग सखारामला चेव चढला. दर चतुर्थीला तो काहीतरी वाढवू लागला. एकदा उंदीर, एकदा दुर्वा, एकदा हलणारी चवरी. मोदक तर एकवीस झाले. देवाचं कौतुक करताना आपण त्याला लठ्ठ करतोय, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही.

राहीने कीबोर्ड निलेशपुढे सरकवला. निलेशने हात मागे घेतला.

"तुम्हीच दाबा ना, मॅडम."

"मी कशाला? गणपती तुमचा."

"सरका," सखाराम पुढे आला. "मीच आणलाय, मीच पोचवतंय." मग मान खाली घालून म्हणाला, "मना चार दिस ठावक हाय. हाच अडवून बसलाय. पन सांगायला जीभच उचलली नाय."

"चार दिवस?" निलेश भडकला. "काका, मी मशीन भंगारात घालायला निघालो होतो!"

सखारामला स्वतःचीच लाज वाटत होती. त्याने बटणावर बोट नेलं.

"थांबा," राही म्हणाली. "मला बघू तरी द्या."

तिने गणपतीचा प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ वाचली. एकवीस मोदक बघून आधी तिला हसू आलं, मग एकेक टिंब हाताने जोडलेलं दिसलं आणि ते कुठल्या कुठे गेलं. ती खुर्ची ओढून नीट बसली आणि बराच वेळ टाइप करत राहिली.

"काका, सहाशेचाळीसच्या वर एक माळा आहे. स्क्रीनची, कार्डांची जागा सोडून त्यातली एकतीस केबी मोकळी आहे. ड्रायव्हर तिथे चालत नाही, पण गणपती चालेल. फक्त त्याला एकतीसच्या आत आणायला हवा."

सखाराम कामाला बसला. मोदक काढले, चवरी थांबवली, उंदीर पुसला. दुर्वा गेल्या. दोन तासांनी आकडा तेहतिसावर आला आणि तो थबकला. उरली होती समई. ती आई गेली त्या वर्षीची.

"नायतर ऱ्हाऊदे," गंगुबाई हळूच म्हणाली.

"नाय. आये असती तर तिनंच पुसायला लावली असती. मशीन चालला पायजे." त्याने समई पुसली. डोळेही पुसले, कोणापासून न लपवता. आकडा तीस झाला.

राहीने गणपतीच्या ओळीआधी एल आणि एच, म्हणजे 'वर चढव', अशी दोन अक्षरं लिहिली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. नुसत्या रेघांचा गणपती आला, अगदी पहिल्या वर्षीसारखा. मागोमाग विणकामाचा प्रोग्राम उघडला. मशीनने एक हिसका दिला आणि खडाखडा चालू लागलं.

पूर्णगडच्या होडीचं अर्धवट राहिलेलं जाळं पुढे सरकलं. गंगुबाईने पहिली गाठ अंगठ्याने ओढून बघितली आणि मान डोलावली. निलेश बाहेर फोनवर ओरडून भंगारवाल्याला नको म्हणत होता. सखारामला एकदम हलकं वाटलं. तो स्टुलावर बसला.

"काका, वर अजून एक केबी उरलाय," राही म्हणाली. "काही घालू या?"

सखारामने थोडा विचार केला.

"नको, बाय. तेला जरा ऐसपैस बसूदे."