बियाण्यासाठी बंदूक

"नातवासाठी का, आजी?" छर्ऱ्यांच्या खेळण्यातल्या बंदुका विकणाऱ्या नागुमोने विचारले.

"माकडांसाठी."

"मग डोळ्यांना चष्मेही घ्या. नियम आहे, चष्म्याशिवाय मैदानात खेळू देत नाहीत."

तोकिए हसली नाही. नागुमोने ते पाहिले आणि काउंटरवरची बॅटरीवाली बंदूक बाजूला सरकवली.

"बॅटरीची नको, गॅसची नको," ती म्हणाली. "हाताने ओढून मारायची दे. स्वस्तातली. आणि छर्रे मातीत विरघळणारे. शेत आहे ते."

त्याने स्प्रिंगच्या दोन बंदुका ठेवल्या. लहान मुलांची होती तिचा दट्ट्या सहज मागे आला, पण तिचा छर्रा शेताच्या बांधापर्यंतही पोहोचला नसता. मोठ्यांची होती तिचा हलेना. तोकिएने ती मांडीवर आडवी घेतली, गुडघ्याने दाबली आणि दोन्ही हातांनी ओढली. मनगटात कळ गेली. खट् असा आवाज झाला.

"प्रत्येक गोळीला एवढं करावं लागेल," नागुमो म्हणाला. "तोवर माकड जेवून उठेल. लहान घ्या, आजी. नवशिक्यांना तीच देतो मी."

"मोठी बांध."

हिनोकुबोच्या वाडीत काळ्या ठिपक्याचे सोयाबीन आता फक्त तिच्याकडे उरले होते. बाकीची घरे शहरात गेली, त्यांचे बियाणे संपले. गेल्या वर्षीचे तिचे पीक माकडांनी नेले. बरणीच्या तळाशी उरले होते ते तिने यंदा सगळे पेरले, मागे एक दाणा ठेवला नाही. आता पाने पिवळी पडून शेंगा भरेपर्यंत शेत टिकायला हवे होते. हिरवी शेंग उकडून खाता येते, पेरून उगवत नाही.

माकडे बायकांना भीत नाहीत, हे वाडीत सगळ्यांना माहीत होते. म्हणून तिने नवऱ्याचे जाकीट आणि टोपी चढवली. नवरा, यासुजी, ओसरीच्या कडेला खुर्चीत होता. झटका आल्यापासून त्याची डावी बाजू गेली होती.

"माझा बाप दिसतेस," तो म्हणाला. "त्यालाही माकडं भीत नव्हती."

टोळी आली तेव्हा पहिला छर्रा नराच्या पाठीला लागला. त्याने पाठ खाजवली. ती गुडघ्याखाली बंदूक घेऊन ओढू लागली, तोवर माकडांनी कडेची सोयाबीनची झाडे मोडली होती.

"इकडे आण," यासुजी म्हणाला. त्याने उजव्या हाताने दट्ट्या ओढला, तिने बंदूक घट्ट धरून ठेवली. मग तो ओढी, ती मारी. कुरकुरत टोळी मागे सरली, पण रानात गेली नाही. अंगणातल्या पर्सिमनच्या, टोमॅटोएवढ्या केशरी फळांच्या झाडावर चढून बसली.

माकडे गेल्यावर शेजारचा सादाइची आला. झाडाच्या शेंड्याकडे त्याने बोट दाखवले. फळांची काढणी झाल्यावर शेंड्याची चार तशीच ठेवायची, ती झाडाची राखण करतात, असा त्या घराचा रिवाज होता. त्यातली तीन अजून होती; तिथल्या बारीक फांद्यांवर माकडांचा हात पोहोचत नव्हता.

"वहिनी, एकीकडे खानावळ उघडी ठेवायची आणि दुसरीकडे बंदूक घेऊन बसायचं, असं कसं? ती पाडा."

"पाडायची नाहीत," यासुजी म्हणाला. "झाड ओकं ठेवलं तर पुढच्या वर्षी धरत नाही. आईनं कधी पाडली नाहीत."

"आईंच्या वेळी सोयाबीन वाडीभर होतं," तोकिए म्हणाली.

सादाइचीने चुळबुळ केली आणि तो निघून गेला. तोकिएचा बांबू शेंड्यापर्यंत पोहोचेना. तिने बंदूक गुडघ्याखाली घेतली. पहिला छर्रा फळात रुतला, रस गळला, फळ पडले नाही. दुसऱ्यांदा ओढताना मनगट इतके दुखले की ती खाली बसली. यासुजीने झाडाकडून तोंड फिरवले आणि उजवा हात पुढे केला.

"आण," तो म्हणाला.

अंधार पडायच्या आत तिन्ही फळे चिंधड्या होऊन खाली आली. तिने चिखलासकट सगळे उचलून पुरले.

सकाळी टोळी आली. शेंड्यावर काही नाही हे पाहायला नर एकदाच वर गेला. आजवर ती फळे त्यांना थोडा वेळ अडवत होती, हे तोकिएला तेव्हा कळले. आता अडायला काही नव्हते. टोळी सरळ सोयाबीनमध्ये शिरली.

यासुजी ओढत राहिला, ती मारत राहिली. त्याची बोटे दट्ट्यावरून निसटू लागली.

"येत नाही गं," तो म्हणाला.

तिने बंदूक त्याच्या मांडीवर टाकली आणि शेतात धावली. माकडे हातभर अंतरावर शेंगा सोलत होती. एका माकडाने दात दाखवले. तोकिए वाकून झाडे मुळासकट उपटू लागली. कवेत मावतील तेवढी घेऊन घरात आणी, यासुजीच्या अंथरुणावर टाकी, पुन्हा जाई. चौथ्या खेपेला उपटायला काही उरले नव्हते.

अंथरूणभर हिरवी पाने पडली होती. यासुजीने एका हाताने शेंग तोंडाजवळ नेली, दाताने फोडली.

"कच्ची," तो म्हणाला. दुसरी फोडली. "कच्ची."

"नुसती फोडू नकोस. पिवळं देठ बघून घे."

ती त्याच्यासमोर बसली. दोघे एकेक झाड चाळू लागले. दुपारपर्यंत वाटीच्या तळाशी थोडे दाणे जमले, ठिपके नीट काळे झालेले. त्यातले कितीक उगवतील हे दोघांनाही सांगता आले नसते. तिने वाटी घरातच वाळायला ठेवली आणि दार लावून घेतले.