ओवलेल्या सुया

...आणि दोरा गेला. तेपाएरूनं मशीनच्या डाव्या अंगाची इवलीशी कळ खाली दाबली, कुठूनसा एक बारीक आकडा पुढे आला, त्यानं नेढ्याच्या पलीकडून दोरा धरला, ओढला आणि परत आपल्या जागी जाऊन बसला. सुई ओवलेली. मध्ये ना बोटं, ना थुंकी, ना डोळे बारीक करून रोखून धरलेला श्वास. माकिउतीनं चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा नाकावर ओढला.

"पुन्हा दाखव."

"काका, किती वेळा?" तेपाएरू म्हणाली, पण दोरा काढून तिनं पुन्हा दाखवलं. तेपाएरू त्याच्या चुलतभावाची मुलगी. आवारुआतल्या या कापडाच्या दुकानात लग्नाआधीपासून कामाला आहे.

पंखा फिरत होता, दाराशी टांगलेली फुलाफुलांची कापडं हलत होती, आणि माकिउतीची मान मात्र तापली होती, काहीतरी भलतंच विकत घेताना कुणी पाहिल्यासारखी. वाढदिवसाची भेट — आत शिरतानाच त्यानं मोठ्यानं सांगून टाकलं होतं. खोटं नव्हतं ते. रविवारी अकाइतीचा वाढदिवस होता, आणि बायको गोधड्या शिवणारी असली तर नवऱ्यानं शिलाई मशीन घ्यावं, यात कुणी नावं ठेवण्यासारखं काय आहे? पण सगळा जन्म वीजकेंद्राच्या इंजिनांखाली काढलेल्या या माणसानं एकही मशीन उलटं करून पाहिलं नव्हतं. कापडाचे दोन थर आणि मधला कापूस ते पेलेल का, मोटर किती ताकदीची, तेल कुठं घालायचं — काही नाही. त्यानं एवढंच विचारलं होतं, की आपली आपण सुई ओवणारं कोणतं. म्हणजे मी तिच्यासाठी मशीन घेतच नव्हतो. मी माझी पहाट सोडवून घेत होतो.

रोज पहाटे, कोंबडे अजून एकमेकांना उत्तरं देत असतात तेव्हा, अकाइती नारळाची करवंटी त्याच्यापुढे आणून ठेवते. करवंटीत चिंध्या दाबून भरलेल्या, चिंध्यांत सुया टोचलेल्या — सगळ्या रिकाम्या. शेजारी दोऱ्याची रिळं. तो दिव्याखाली बसून ओवतो, पाकळ्यांसाठी लाल, पानांसाठी हिरवा, आणि ती समोर चहा पीत बसते, दिव्याकडे पाठ करून. "डोळ्यांपुढे धूर आल्यासारखं होतं रे," पहिल्या दिवशी ती म्हणाली होती. "नेढं दिसत नाही. एकदा ओवून दिलंस की पुढचं काय, हात करतात." आणि हात करत होतेच. यंदाची तिवाइवाइ, फुलापानांची हातशिलाईची गोधडी, नातवासाठी होती. तो ऑकलंडहून येणार, जन्मापासून राखलेले त्याचे केस कापायला सगळं गाव जमणार, एकेक पाहुणा एकेक बट कापणार, आणि पोर बसेल ती खुर्ची आजीच्या गोधडीनं झाकलेली असणार. एवढी मोठी, एवढ्या पाकळ्यांची गोधडी तिनं आजवर केली नव्हती... आणि त्या प्रत्येक पाकळीच्या कडेला माझा एक दोरा आहे, असं सुरुवातीला त्याला वाटायचंही. बरं वाटायचं.

पण ओवता ओवता बाहेरून गाड्या जायच्या. आवातिउच्या धक्क्याकडे, होड्यांकडे. तमारुआ कोपऱ्यावर हॉर्न द्यायचा. हा तमारुआ त्याचा जन्माचा जोडीदार. दोघांनी एका होडीतून ट्यूना ओढले, एका पंक्तीत बसून चर्चमध्ये गायले. पूर्वी तो हॉर्न बोलावण्याचा असायचा. हल्ली चिडवण्याचा होता.

गेल्या रविवारी चर्चच्या आवारात तर त्यानं सगळ्यांदेखत सुरू केलं. "या, सुईवाले, या! आज देवाच्या कृपेनं सुट्टी वाटतं?" मग दुसऱ्या कुणीतरी आपली विजार बसायच्या जागी उसवल्याचं सांगितलं, घेऊन येऊ का म्हणून विचारलं, आणि सगळी पांढऱ्या सदऱ्यांची पोटं हलायला लागली.

"मी कशाला ओवतोय?" माकिउती म्हणाला. "ती आपली आपण करते. मी तर उन्हं डोक्यावर येईस्तोवर लोळत पडलेला असतो."

म्हणाला, आणि मागे वळला, तर अकाइती तिथंच. हातात स्तोत्रांचं पुस्तक, डोक्यावर तिनं स्वतः विणलेली पांढरी टोपी. तिनं टोपी जरा सरळ केली आणि बायकांकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे करवंटी नेहमीसारखी समोर. ती भांडली असती तर बरं झालं असतं. त्यानं सगळ्या सुया ओवल्या, एकदाही वर न पाहता, आणि त्याच पहाटे त्याच्या मनात मशीन आलं... मशीन घेतलं की कुणापुढे काही नाकारायला नको. ती शिवेल, मी धक्क्यावर जाईन. किती सोपं.

"पण काका, एक विचारू?" तेपाएरू कोपर टेकून उभी होती. "काकूंना मशीन कशाला? आम्ही बॉर्डर जरी मशीनवर मारून आणली तरी नाक मुरडतात त्या. हे तुमच्या डोक्यात घालतील बघा."

"डोळे गेले तिचे," तो म्हणाला. "सुई ओवता येत नाही."

तेपाएरू हसली. मग त्याचं तोंड पाहून अर्ध्यावर थांबली.

"कुणाचे डोळे? काकूंचे? अहो, दर गुरुवारी हॉलमध्ये शिवायला जमतो ना आम्ही, तिथं आमच्या सगळ्यांच्या सुया कोण ओवतं? माझ्या आईच्या, सगळ्या म्हाताऱ्यांच्या, माझ्यासुद्धा. गप्पा मारता मारता, खाली न बघता. परवा तर दारातून आत येता येता म्हणाल्या, तेपाएरू, तुझी ती तिसरी पाकळी तिरकी गेलीय, उसव." तिला आता हे सगळं गमतीचं वाटू लागलं. "चेष्टा करताय ना माझी?"

"हो," तो म्हणाला. "चेष्टाच."

पंखा फिरतच होता. माकिउतीनं मशीनच्या चाकावर हात ठेवला, कशावर तरी ठेवायला हवा होता म्हणून. गेल्या हंगामात समुद्रातल्या प्रवाळाच्या कड्यापलीकडे देवमासे आले होते, तेव्हा ओसरीवर बसल्या बसल्या ती म्हणाली होती, तो बघ, तो बघ फवारा! — आणि लगेच म्हणाली होती, म्हणजे, आवाज आला. एवढ्या लांबून आवाज? आणि मी हसलो होतो. बिचारीचे डोळे गेले पण कान तिखट झाले, असं मी तमारुआला कौतुकानं सांगितलं होतं.

मग हे सुरू कधी झालं... ते आठवायला लागू नये म्हणून त्यानं चाक थोडं फिरवलं, सुई खाली गेली, वर आली. तो होडीत पडला होता, त्यानंतर. गळाची दोरी हातात, मासा ओढतोय, आणि एकाएकी आभाळ बाजूला कलंडलं, छातीवर कुणी इंजिन उतरवून ठेवल्यासारखं. तमारुआनं परत आणलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, समुद्र विसरा म्हणाले. आणि भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगत होतो, महिन्याभरात बघा, होडीत असेन. एका संध्याकाळी मी ओसरीवर गळ मांडून बसलो, गंज पुसला, दोऱ्या तपासल्या, पहाटेची तयारी. अकाइती बघत होती. जाऊ नकोस म्हणाली असती तर मी गेलोच असतो. सगळ्या तितिकावेका गावाला ठाऊक आहे, माकिउती बायकोच्या शब्दानं चालणारा नव्हे. पहाटे मी उठलो, तर गळांच्या शेजारी करवंटी ठेवलेली. डोळ्यांपुढे धूर आल्यासारखं होतं रे.

तिनं तो धूर आपल्या डोळ्यांत घेतला होता. म्हातारा झालास, भितरा झालास, असं कुणी मला म्हणू नये म्हणून ती आंधळी झाली होती. आणि मी काय केलं, तर चर्चच्या आवारात, चार माणसांच्या हसण्यापायी, तिचा एवढासा दोरासुद्धा नाकारला. आणि हे तिनं ऐकलं, आणि टोपी सरळ केली. त्याला दुकानातल्या दुकानात कुठंतरी शिरून बसावंसं वाटलं, त्या कापडांच्या मागे, पोरासारखं.

"बांधू का मग काका?"

"बांध," तो म्हणाला. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

खोकं मोटारसायकलच्या मागे दोरीनं आवळलं होतं. खोक्यावर मशीनचं हे एवढं मोठं रंगीत चित्र. रस्ता समुद्राकाठानं, डावीकडे डोंगर, उजवीकडे पाणी, आणि समोरून येणारा प्रत्येकजण हात वर करून हसत होता, म्हणजे वाटेतल्या निम्म्या घरांना कळलंच होतं. मधेच थांबून त्यानं पाव घेतला. खोकं बहिणीकडे ठेवावं का, असंही मनात आलं. ठेवलं नाही. वळणावरून त्याला आपली ओसरी दिसली, ओसरीवर अकाइती, मांडीवर पसरलेली लाल-पांढरी गोधडी. तिनं मान वर केली. ती वर झालेली मान त्यानं नीट पाहिली. मग तिनं ती खाली घातली आणि शिवत राहिली, तो अंगणात येईपर्यंत, इंजिन बंद करीपर्यंत.

"कोण? माकिउती का?"

"मीच."

त्यानं खोकं पायरीवर ठेवलं, चित्र वर. दुसरीकडे जागा नव्हती, आणि असती तरी त्यानं तिथंच ठेवलं असतं बहुधा. गोधडी बाजूला ठेवून अकाइती उठली, पायऱ्या उतरली, खोक्यापाशी येऊन तिनं पाऊल जरासं तिरकं टाकलं — परकराची कडसुद्धा खोक्याला लागली नाही — आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"काय आणलंस गावातून?"

"पाव."

"बरं केलंस. अळूचा रुकाउ शिजवून ठेवलाय, नारळाच्या दुधात. त्याच्याशी होईल." पाव घेऊन ती परत खोक्याला वळसा घालून वर गेली. बाहेर आली ती करवंटी घेऊन. "लाल सुया संपल्या. देतोस ओवून? पहाटेपर्यंत थांबायला नको."

तो बसला. दुपारचं ऊन पाण्यावरून सरळ डोळ्यांत येत होतं, आणि हात, इंजिनांचे नट अंधारात चाचपून घट्ट करणारे त्याचे हात, नेमके आज नेढं शोधत होते. दोरा नेढ्याच्या अलीकडून गेला. पलीकडून गेला. त्यानं टोक ओलं केलं, पिळलं, पुन्हा चुकला. अकाइती कड्याकडे तोंड करून बसली होती, लाटा फुटतात तिथं, त्याच्या हातांकडे चुकूनही न बघता. न बघायला किती नीट दिसावं लागतं, हे त्याला प्रथमच कळत होतं.

"तमारुआ जाताना सांगत होता," ती म्हणाली, "उद्या समुद्र अगदी ताटासारखा राहील म्हणून."

आता बोल. एक वाक्य: अकाइती, मला कळलंय. की ती मोकळी, मी मोकळा. खोकं उघडू, हसू, रविवारी तमारुआलाही सांगू. उद्या पहाटे हॉर्न वाजेल आणि मी उठून... आणि इथंच त्याच्या छातीत काहीतरी सुकून गेलं. दुखलं नाही, सुकलं. रोज पहाटे हॉर्न वळणापलीकडे विरून गेला की आपण एक श्वास सोडतो, हे त्याला आठवलं. तो उसासा आहे, होडी चुकल्याचा, असंच तो समजत आला होता. उसासा नव्हता तो. सुटलो, असा श्वास होता. रोज. आणि दिव्याकडे पाठ करून बसलेल्या बाईनं तो रोज ऐकला होता, आणि चहाचा घोट घेतला होता.

भीती मलाच होती. अकाइती नुसती पहारा देत होती, कुणाच्या नजरेला ती भीती पडू नये म्हणून.

दोरा गेला. त्यानं सुई करवंटीत टोचली.

"लाल दोरा संपत आलाय," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. "उद्या सकाळी उघडल्या उघडल्या तेपाएरूकडून आणावा लागेल. होडीचं काही जमायचं नाही."

रीळ त्यांच्या दोघांच्या मध्ये होतं, उन्हात, जवळजवळ भरलेलं. अकाइतीनं कड्याकडून तोंड वळवलं आणि थोडा वेळ त्या रिळाच्या दिशेनं पाहिलं.

"असेल," ती म्हणाली. "मला कुठं दिसतंय."

त्यानं पुढची सुई घेतली. लाज गेली नव्हती. सकाळपासून ती निम्मी अकाइतीच्या नावावर टाकून, तिनंच आपल्याला होडीपासून अडवलं असं म्हणत तो हिंडत होता. आता ती सगळी त्याची एकट्याची होती, आणि ती घेऊन इथं बसता येत होतं.