लेलँड ब्रॉकमायरचा उलटा फळा

सांगतो, पण तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही. डोरीन, हॉटेल तुझं, कॉफी तुझी, पण कप माझा रिकामा आहे, तेवढा भर आणि मग ऐक. ज्याच्या हाताखाली उपप्रशिक्षक म्हणून मी नऊ वर्षं डोकं आपटून घेतलं, तो लेलँड ब्रॉकमायर जग उलटं बघायचा.

त्याला तरी किती दोष द्यायचा? आपल्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात चार वर्षं तो मधला गडी. ओणवं व्हायचं, दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा, आणि मान वर करायच्या आत समोरचे तीन बैल अंगावर घ्यायचे. स्वतःचा संघ त्याने कायम पायांच्या फटीतूनच पाहिला: तंगड्या वर, डोकी खाली. पुढे कॉलेजने त्यालाच कोच केलं आणि माझे भोग सुरू झाले.

लेलँड फळ्यावर डाव काढायचा तो उलटा. पोरं बिचारी फळ्याबरहुकूम पळायची, ती थेट आपल्याच गोलाकडे. मी म्हणायचो, अरे बाबा, फळा फिरव. तो म्हणायचा, फळा ठीक आहे, मैदान चुकीचं आखलंय. एकदा तर चुन्याच्या रेघा मारणाऱ्याला बोलावून त्याने तासभर झापला. अशा माणसाशी बोलायचं तरी काय?

त्या साली सात मॅचेस हरलो. शेवटची उरली, ती सीडर फोर्क गावच्या संघाशी. प्राचार्यांनी लेलँडला बोलावून स्वच्छ सांगितलं की शनिवारी हरलास तर सोमवारी किल्ल्या टेबलावर ठेवायच्या. त्याला दुसरं काही येत नव्हतं हो. शेती करायला गेला असता तर मका जमिनीखाली उगवला असता.

शनिवारी बर्फ पडू लागला, तो मध्यंतरापर्यंत मांड्यांपर्यंत आला. आम्ही पाच गुणांनी मागे. लेलँडने पुन्हा फळ्यावर तोच उलटा घोळ घातला. माझं डोकं फिरलं. मी पोरांना म्हटलं, फळ्याकडे पाठ करा, ओणवे व्हा आणि पायांमधून बघा. अकरा ढुंगणं एकदम वर. लेलँड भडकला. म्हणाला, "आर्विन, माझा अपमान करायचाय तर घरी येऊन कर."

पण पोरांना डाव कळला! शेवटचं मिनिट, बर्फ गळ्यापर्यंत, एक रेघ दिसेना. आमच्या गड्याने चेंडू काखेत मारला आणि बर्फात बुडी घेतली. सीडर फोर्कवाले त्याला हातांनी उकरून शोधतायत, आणि हा आतून बोगदा काढत काढत निघाला तो त्यांच्या गोलरेषेपलीकडे. त्याचे सहा गुण, म्हणजे एका गुणाने जिंकलो. लेलँडची नोकरी राहिली, ती माझ्यामुळे. आभार मानले का त्याने? नाव नको.

डोरीनने कॉफीची किटली टेबलावर ठेवली.

"आर्विन, बर्फामुळे त्या दिवशी मॅच झालीच नव्हती. सीडर फोर्कची बस त्यांच्या गावाबाहेरसुद्धा पडली नाही. तुम्ही दोघं दिवसभर ह्याच टेबलाशी बसला होता, आणि लेलँड खिडकीला नाक लावून देवाला म्हणत होता, अजून पाड."